एका जुन्या भाषणाची दुरुस्ती

सन २००० मध्ये आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत मी एक व्याख्यान दिले होते. एम.डी. होऊन मला जेमतेम दोन वर्षे झाली होती. विषय होता ‘गर्भारपण आणि अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वे’. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर पारदर्शिका सरकवीत मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते की, क आणि ई ही दोन जीवनसत्त्वे गरोदर स्त्रीला भरपूर मात्रेत दिली, तर प्री-एक्लॅम्प्सियासारख्या जीवघेण्या विकाराला आपण लवकरच आळा घालू शकू. टाळ्या पडल्या. अध्यक्षस्थानी असलेल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी पाठ थोपटली. पुढे कित्येक महिने शहरातील व्यवसायबंधू भेटले की ‘तुमच्या त्या व्याख्यानापासून आम्हीही लिहायला लागलो’ असे आवर्जून सांगत. मी स्वतः तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होते आणि त्या गोळ्या मीही घेत होते.

ते भाषण चुकीचे ठरले. ते चुकीचे असल्याचे मला ठाऊक होऊनही आता बरीच वर्षे लोटली आहेत. व्याख्यान जाहीर सभेत झाले होते. दुरुस्ती मात्र मी मनातल्या मनात केली आणि स्वस्थ बसले. यंदा स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा वाटले की, हे राहून गेलेले काम आता पुरे करावे. त्याला निमित्तही तसेच घडले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बाह्यरुग्ण विभागात एक बाळंतीण आपल्या सासूबाईंसह आली. कुटुंब मराठी, चार पिढ्यांपासून इंदूरचे. बाळ पूर्ण दिवसांचे, पण वजन एक किलो नऊशे ग्रॅम. मातेचे डोळे, जीभ, नखे पाहताच पंडुरोग दिसत होता. हिमोग्लोबिन सात पॉइंट आठ. गरोदरपणात काय काय औषधे घेतली म्हणून मी विचारले, तेव्हा सासूबाईंनी कापडी पिशवीच टेबलावर पालथी केली. तीत लोह आणि फोलिक अॅसिडच्या सरकारी लाल गोळ्यांच्या पट्ट्या जवळजवळ जशाच्या तशा होत्या. मात्र एका चकचकीत वेष्टनातील ‘अँटिऑक्सिडंट’ कॅप्सूलच्या रिकाम्या पट्ट्यांचा चांगला गठ्ठा होता. सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, ही महागाची गोळी मी तिला एक दिवस चुकवू दिली नाही हो. पट्टी पावणेतीनशेला पडायची. ती लाल गोळी मात्र तिला सोसेना. मळमळायचं तिला. मग म्हटलं, भारी गोळी चालू आहे ना, साधी राहिली तर राहिली.”

त्या माउलीला मी काय बोलणार? घरात जे उत्तम, जे महाग, ते सुनेच्या मुखी लागावे, ही तिची भावना निखळ होती. चूक तिची नव्हती. ज्याने ती कॅप्सूल लिहून दिली, त्या व्यवसायबंधूंचे नाव मी विचारले नाही, कारण मला भीती वाटली की, २००० साली त्या सभागृहात ते बसलेले असतील. बाळाचे वजन त्या कॅप्सूलमुळे घटले असे मी म्हणत नाही. एका उदाहरणावरून तसे म्हणणे हे शास्त्र नव्हे. पण ज्या गोळीची तिला गरज होती, तिची जागा गरज नसलेल्या गोळीने घेतली, एवढे मात्र त्या पिशवीवरून उघड दिसत होते.

डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी विषय थोडा मुळापासून सांगते. आपण श्वासावाटे घेतलेला ऑक्सिजन पेशींमध्ये अन्नाच्या ज्वलनासाठी वापरला जातो. हे ज्वलन शंभर टक्के स्वच्छ नसते. चुलीतून जशा ठिणग्या उडतात, तशी या क्रियेतून काही अतिशय चंचल रसायने निर्माण होतात. त्यांना फ्री रॅडिकल किंवा मराठीत मुक्त मूलके म्हणतात. ती चरबी, प्रथिने, जनुकद्रव्य यांना चटके देऊ शकतात. त्यांना विझविण्यासाठी शरीराकडे स्वतःची व्यवस्था आहे. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटॅलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे, म्हणजे एन्झाइम्स, आणि त्यांच्या जोडीला आहारातून मिळणारी काही जीवनसत्त्वे हे काम करतात. ठिणग्या जास्त आणि विझविणारे कमी अशी अवस्था झाली की तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ऑक्सिडीकरणाचा ताण, असे नाव आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ साली ही संकल्पना रूढ केली.

इथवर ऐकले की कोणाच्याही मनात सरळ निष्कर्ष उमटतो: ठिणग्या वाईट, विझविणारे चांगले, तेव्हा विझविणारे जितके जास्त तितके उत्तम. मीही २००० साली हेच म्हटले होते. परंतु निरोगी गर्भारपण या सरळ हिशेबात बसत नाही.

गर्भारपणात स्त्रीच्या शरीराची ऑक्सिजनची गरज सुमारे वीस टक्क्यांनी वाढते. वार, म्हणजे प्लासेंटा, हा अवयव अहोरात्र राबणारा. त्याच्या पेशी ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकाँड्रियांनी भरलेल्या. त्यामुळे कोणताही आजार नसलेल्या, धडधाकट गर्भवतीच्या रक्तातही ऑक्सिडीकरणाच्या खुणा गर्भारपणापूर्वीपेक्षा जास्त सापडतात. म्हणजे हा ताण काही प्रमाणात गर्भारपणाचा स्वभावच आहे. त्याच वेळी शरीर आपली बाजूही भक्कम करीत असते. तांबे वाहून नेणारे सेरुलोप्लाझ्मिन वाढते, लोह बांधून ठेवणारे ट्रान्सफेरिन वाढते, रक्तातील स्निग्ध पदार्थांबरोबर ई जीवनसत्त्वाची पातळीही चढते आणि वारेतील विकरे गर्भाच्या वयानुसार सज्ज होत जातात. दोन्ही पारडी एकाच वेळी जड होतात आणि तराजू समतोल राहतो.

यातील सर्वांत विस्मयकारक भाग पहिल्या तीन महिन्यांतील आहे. आम्ही विद्यार्थी असताना शिकलो होतो की, वार तयार झाली की आईचे रक्त लगेच तिच्यात खेळू लागते. इंग्लंडमधील एरिक जोनियो आणि ग्रॅहम बर्टन यांच्या गटाने दाखवून दिले की तसे नसते. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाच्याच पेशी आईच्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी बुचासारख्या बसलेल्या असतात. गर्भाचे पोषण त्या काळात मुख्यतः गर्भाशयाच्या अस्तरातील ग्रंथींच्या स्रावावर होते आणि त्याच्या भोवती ऑक्सिजन अत्यल्प असतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजमापानुसार आठव्या आठवड्यात वारेतील ऑक्सिजनचा दाब वीस मिलिमीटरच्याही खाली असतो आणि बाराव्या आठवड्यापर्यंत तो पन्नासच्या वर जातो. ज्या काळात डोळे, हृदय, हातपाय घडतात, त्या नाजूक काळात निसर्ग बाळाला ऑक्सिजनच्या ठिणग्यांपासून जणू दूर ठेवतो. नंतर बुचे सुटतात, आईचे रक्त आत येते, ऑक्सिजन अचानक वाढतो, वारेत ऑक्सिडीकरणाचा एक मोठा झटका बसतो आणि त्या पाठोपाठ संरक्षक विकरेही वाढतात.

हा झटका निरर्थक नाही. रक्तप्रवाह आधी सुरू होतो तो वारेच्या कडेच्या भागात. तेथील अंकुर या ताणाने झडतात आणि मधला भाग तेवढा उरतो. गर्भपिशवीभोवती चहूकडे पसरलेल्या अंकुरांतून आपण प्रसूतीनंतर पाहतो ती थाळीसारखी गोल वार घडते, त्यात या ताणाचा हात आहे. हाच रक्तप्रवाह वेळेआधी आणि सर्वदूर सुरू झाला तर गर्भपात होतो, असेही याच संशोधकांना आढळले. म्हणजे तीच ठिणगी योग्य वेळी, योग्य जागी आणि योग्य प्रमाणात असेल तर शिल्पकार ठरते. अवेळी आणि अति झाली तर संहारक. चरकसंहितेत गर्भिणीला काठोकाठ तेलाने भरलेल्या पात्राप्रमाणे, हिंदकळू न देता जपावे, असे सांगितले आहे. भरलेल्या पात्रात आणखी ओतणे म्हणजे जपणे नव्हे, हे मला त्या दृष्टान्ताचे मर्म वाटते.

आता माझ्या भाषणाकडे येते. ई जीवनसत्त्वाचा इतिहासच गर्भारपणाशी जोडलेला आहे. १९२२ साली इव्हान्स आणि बिशप यांना आढळले की, आहारात एक विशिष्ट घटक नसेल तर उंदरांच्या माद्यांचे गर्भ टिकत नाहीत. त्या घटकाला पुढे टोकोफेरॉल हे नाव मिळाले, ते ग्रीक भाषेतील प्रसूतीवाचक शब्दावरून. नावातच बाळंतपण असलेल्या या जीवनसत्त्वाचा मोह पडणे स्वाभाविक होते. प्री-एक्लॅम्प्सियात ऑक्सिडीकरणाचा ताण बराच वाढलेला असतो, हेही सिद्ध झाले होते. अशा वेळी १९९९ साली ‘लॅन्सेट’ मध्ये लंडनच्या एका गटाचा अभ्यास आला. धोका अधिक असलेल्या २८३ स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज १००० मिलीग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिले. न घेणाऱ्यांत प्री-एक्लॅम्प्सियाचे प्रमाण सतरा टक्के, तर घेणाऱ्यांत आठ टक्के. हेच आकडे मी पारदर्शिकेवर लाल शाईने लिहिले होते.

त्या संशोधकांनी स्वतः मोठ्या चाचण्यांची गरज सांगितली होती. ते वाक्य मी वाचले होते, पण व्याख्यानात घेतले नाही. त्यांनी मात्र आपले म्हणणे पाळले. २००६ साली त्याच लंडनच्या गटाने, ब्रिटनमधील २४०० हून अधिक स्त्रियांवरील चाचणीचा निकाल प्रसिद्ध केला. प्री-एक्लॅम्प्सिया कमी झाला नाही. उलट जीवनसत्त्वे घेणाऱ्यांत कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण अठ्ठावीस टक्के निघाले, न घेणाऱ्यांत चोवीस. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील १८७७ प्रथम गर्भवतींवरील चाचणीतही लाभ दिसला नाही. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत, पेरू, दक्षिण आफ्रिका आणि व्हिएतनाम येथील, पोषण कमी असलेल्या समाजांतील स्त्रियांवर केलेली चाचणी आली, तिथेही तेच. २०१० साली अमेरिकेत दहा हजारांहून अधिक, धोका कमी असलेल्या, म्हणजे आपल्या भाषेत निरोगी प्रथम गर्भवतींवरील निकाल आला; पुन्हा तेच. टोमॅटोतील लायकोपीनची गोष्ट तर आपल्या देशातलीच. निरोगी प्रथम गर्भवतींना ते देऊन पाहिलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत प्री-एक्लॅम्प्सिया टळला नाहीच, पण लायकोपीनच्या गटात अकाली प्रसूती आणि कमी वजनाची बाळे अधिक निघाली. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतिपूर्व काळजीच्या मार्गदर्शिकेत क आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या गरोदर स्त्रियांना देण्याची शिफारस नाही, असे स्पष्ट लिहिले.

‘उपचार उशिरा सुरू झाले म्हणून फायदा झाला नाही’ असे काही जण म्हणतात. अमेरिकेतील चाचणीत तो नवव्या ते सोळाव्या आठवड्यातच सुरू झाला होता. आणि नवव्या आठवड्यापूर्वी, वारेत तो घडविणारा झटका बसण्याच्या आधीच, विझविणारे पदार्थ मोठ्या मात्रेत ओतावेत, असे सांगण्याचे धैर्य मला तरी होत नाही.

हा सगळा विषय प्रसूतितज्ज्ञांचा, बालरोगतज्ज्ञाने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे की, ऑक्सिजनच्या बाबतीत आमच्या शाखेने फार कडू धडे घेतले आहेत. १९४२ मध्ये टेरी या नेत्रतज्ज्ञाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील एका नव्या अंधत्वाचे वर्णन केले. पुढे पन्नाशीच्या दशकात सिद्ध झाले की, ते अंधत्व आम्हीच प्रेमाने, मोकळ्या हाताने दिलेल्या ऑक्सिजनमुळे येत होते. मग ऑक्सिजन आखडता घेतला गेला, तर बाळे दगावू लागली. २०१० सालच्या एका मोठ्या चाचणीतही दिसले की, ऑक्सिजनची पातळी ८५ ते ८९ टक्क्यांवर ठेवली तर डोळे वाचतात पण मृत्यू वाढतात. ९१ ते ९५ वर ठेवली तर उलट. काही टक्क्यांच्या फरकात एका बाजूला दृष्टी आणि दुसऱ्या बाजूला प्राण. समतोल हा शब्द आमच्या शाखेत इतका शब्दशः खरा आहे.

१९९६ च्या सुमारास निवासी डॉक्टर असताना, जन्मतः न रडलेल्या प्रत्येक बाळाला आम्ही शंभर टक्के ऑक्सिजन देत असू. तेव्हाचा नियमच तो होता. दिल्लीच्या सिद्धार्थ रामजी यांनी १९९३ सालीच साध्या हवेने पुनरुज्जीवन करून पाहिले होते. नॉर्वेच्या ओला सोगस्टाड यांच्यासह भारत व इतर देशांत झालेल्या १९९८ च्या अभ्यासाने त्याला बळ दिले. तरी नियम बदलायला २०१० उजाडले. आज पूर्ण दिवसांच्या बाळासाठी आम्ही साध्या हवेपासूनच सुरुवात करतो. आईच्या पोटात बाळाच्या रक्तातील ऑक्सिजनचा दाब आपल्या तिपटीने कमी असतो. जन्मल्यावर नव्वद टक्क्यांची पातळी गाठायला निरोगी बाळही दहा मिनिटांच्या आसपास वेळ घेते. त्याला घाई नसते. घाई आम्हालाच होती.

कावीळ हे दुसरे उदाहरण. नवजात बाळाच्या अंगातील ज्या पिवळेपणाला घरचे घाबरतात, ते बिलिरुबिन स्वतः एक प्रबळ अँटिऑक्सिडंट आहे, असे १९८७ साली स्टॉकर आणि एम्स यांच्या गटाने प्रयोगशाळेत दाखविले. पोटातील अंधारातून बाहेरच्या ऑक्सिजनने भरलेल्या जगात येताना बाळाच्या रक्तात हा पदार्थ काही दिवस वाढलेला असावा, यात मला निसर्गाची दूरदृष्टी दिसते. पण तोच पदार्थ एका मर्यादेपलीकडे गेला की मेंदूला कायमची इजा करतो आणि मग आम्हाला निळ्या दिव्याखाली बाळ ठेवावे लागते. अँटिऑक्सिडंट म्हणजे कितीही घेतले तरी निरुपद्रवी, या समजाला याहून चांगले उत्तर कोणते?

यावर दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला असा की, ‘गोळीने नुकसान तर होत नाही, रुग्णाला समाधान मिळते.’ ब्रिटनमधील कमी वजनाची बाळे आणि आपल्याकडील लायकोपीनचा अनुभव पाहता, ‘नुकसान होत नाही’ असे छातीठोकपणे कोण म्हणेल? शिवाय पावणेतीनशे रुपयांची पट्टी घरात येते, तेव्हा दूध, फळे, अंडी यांचे तेवढे पैसे घरातून जातात. आणि पिशवीतील गोळ्यांची संख्या वाढली की रुग्ण निवड करतो. त्याच्या निवडीत महागडी गोळी जिंकते आणि फुकट मिळालेली हरते. हे नुकसान कोणत्याही चाचणीत मोजले जात नाही. ते त्या कापडी पिशवीत दिसते.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. ‘आपल्या स्त्रिया मुळातच कुपोषित, त्यांना जीवनसत्त्वे नकोत असे कसे म्हणता?’ तसे मी म्हणतच नाही. उणीव भरून काढणे आणि औषधी मात्रेत ओतणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गर्भवतींसाठी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी ठरविलेल्या बहुपोषक गोळीत क जीवनसत्त्व ७० मिलीग्रॅम असते. चाचण्यांत ते १००० मिलीग्रॅम दिले गेले होते. एक मध्यम पेरू खाल्ला तर ७० मिलीग्रॅमची गरज सहज भागते. फोलिक अॅसिडचेच पाहा. १९९१ सालच्या चाचणीत ते गर्भधारणेपूर्वीपासून घेतल्यास, आधीचे बाळ मज्जारज्जूच्या दोषासह जन्मलेल्या मातांमध्ये तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी घटते, असे दिसले. तेही जीवनसत्त्वच. ते कसोटीला उतरले, म्हणून आपण लिहितो. माझा आग्रह एवढाच की, कसोटी सर्वांना एकच असावी.

मग करावे काय? जे सिद्ध आहे ते आधी पुरे करावे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के गर्भवती पंडुरोगी आहेत. ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिडची ती लाल गोळी १८० दिवस पोटात जावी, यासाठी मळमळीवर उपाय सांगणे, वेळ बदलून देणे, सासूबाईंना विश्वासात घेणे हे आपले काम आहे. कॅल्शियम आहेच. ज्यांना प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका अधिक आहे, त्यांना वेळीच ओळखून अल्प मात्रेतील अॅस्पिरिन सुरू करणे हा सिद्ध झालेला प्रतिबंध आहे.

ऑक्सिडीकरणाचा ताण खरोखर कमी करायचा असेल तर आधी तो वाढविणाऱ्या गोष्टी हटवाव्यात. आपल्या मराठी घरांत तोंड धुण्याच्या नावाखाली मिश्री लावण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही आणि डॉक्टर बहुधा विचारत नाही. मुंबईतील १२१७ गर्भवतींच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिश्री आणि तत्सम धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले होते. पतीची सिगारेट, बंद स्वयंपाकघरातील चुलीचा धूर, उसवलेली मधुमेहाची पातळी यांकडेही याच दृष्टीने पाहायला हवे.

आणि आहार. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींच्या अभ्यासात, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. त्यावरूनच पुढे मुंबईच्या वस्त्यांमध्ये ‘सरस’ हा प्रकल्प झाला. साडेसहा हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाज्या, सुकी फळे आणि दूध घालून केलेला रोजचा खाऊ देण्यात आला. २०१४ साली आलेला निकाल प्रामाणिक आहे: सर्व मातांचा एकत्र विचार करता बाळाच्या वजनात ठळक फरक पडला नाही, मात्र गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ घेतलेल्यांत तो सुमारे ४८ ग्रॅम होता. गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाणही साडेबारा टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांच्या आत आले. पालेभाजीही जादू करीत नाही. पण ती उशिरा आलेल्या कॅप्सूलपेक्षा अधिक प्रामाणिक आहे, आणि ती लग्नाआधीपासून मुलीच्या ताटात असावी लागते. डोहाळजेवणाच्या दिवशी पाच प्रकारची पक्वान्ने वाढून मागील वीस वर्षांची भरपाई होत नाही.

आता थोडे घरचे बोलते. ही स्मरणिका वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तिच्यात अशाच कॅप्सूलच्या जाहिराती असण्याचा संभव आहे. दरवर्षी असतात. त्या पैशांवरच कागद आणि छपाई निघते, हे मला ठाऊक आहे. मीही कधीकाळी जाहिराती गोळा करणाऱ्या समितीत होते. त्या कंपन्यांना मी दोष देत नाही. त्या विकतात, कारण आपण लिहितो. पण ज्या पुस्तिकेच्या एका पानावर आपण समाजाला आरोग्याचे मार्गदर्शन करतो, तिच्याच समोरच्या पानावर कसोटीत नापास झालेली गोळी मिरवावी, हे आपल्या मंडळाला शोभते का? कार्यकारिणीला माझी विनंती आहे की, पुढील वर्षापासून गर्भवतींसाठीच्या अशा उत्पादनांची जाहिरात घेऊ नये. त्यामुळे जे पान रिकामे पडेल त्याचा खर्च मी देईन. त्या पानावर लाल गोळी कशी घ्यावी, एवढेच मोठ्या अक्षरांत छापावे.

गर्भवती भगिनींना एक सांगणे. हा लेख वाचून आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नका. पिशवी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि प्रत्येक गोळीमागे एकच प्रश्न विचारा: ‘ही मला कशासाठी?’ व्यवसायबंधूंनी त्या प्रश्नाने रागावू नये. ज्या गोळीचे उत्तर आपल्याला दोन वाक्यांत देता येत नाही, ती लिहू नये.

२००० साली माझ्या पोटात असलेला मुलगा आज पंचविशीचा आहे. उत्तम प्रकृतीचा आहे. ‘तू घेतल्या होत्यास ना त्या गोळ्या? मग मला काय झालं?’ असे तो मला चिडवतो. मी त्याला सांगते की, तुला काही झाले नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. तुझ्या आईचे नशीब बरे, इतकेच. नशिबाला पुरावा समजण्याची चूक मी एकदा व्यासपीठावरून केली. तेव्हा ज्यांनी टाळ्या वाजविल्या, त्यांतील काही जण आज हयात नाहीत. जे आहेत, त्यांनी आणि त्यांच्या नंतर या व्यवसायात आलेल्या तरुण सहकाऱ्यांनी ही दुरुस्ती नोंदवून घ्यावी, ही नम्र विनंती.